हणमंताचं मुकं कॅबिनेट

खुरसाळे नावाचं एक गाव आहे. त्या गावात हणमंत नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? लहानपणी त्याला कुणीतरी शिकवलं होतं, पाहुणा उठला की "बसा, बसा" म्हणायचं. लग्नानंतर सासरे भेटायला आले. दुपारी एसटी पकडायला उठले. हणमंत म्हणाला, "बसा, बसा." ते परत उठले. हा परत म्हणाला, "बसा, बसा." शेवटची एसटीसुद्धा निघून गेली तेव्हा सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि मुक्काम केला.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. हणमंत विसराळू नव्हता. एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरायचा नाही. दुखणं तेच होतं.

त्याची बायको शालन. बारावी शिकलेली, आणि वाचायची अशी, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. लहानपणी ती आपल्या आंधळ्या आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायची. पुण्यातली एक संस्था अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून घेते, हे तिला कळलं तेव्हा तिला रात्रभर झोप आली नाही. तिनं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक धडा वाचून रेकॉर्ड केला आणि पाठवून दिला.

संस्थेच्या निमकर बाईंचा फोन आला. "शालनबाई, आवाज फार गोड आहे तुमचा. पण मागं पिठाची गिरणी चालू होती का?"

गिरणी कुठली? कॉम्प्युटरच घरघरत होता. आतले पंखे इतके फिरत होते, की टेबलावरची वाटी चालत चालत कडेला यायची.

"रविवारी पाचपर्यंत नवीन पाठवा," निमकर बाई म्हणाल्या. "त्यानंतर आम्ही नावं पक्की करणार. तुमचं नाव असावं असं मला फार वाटतंय हो."

शालनला तर त्याहून वाटत होतं. तिनं चौकशी केली. कळलं, की कॉम्प्युटर ठीक आहे, त्याचं कॅबिनेट बदलायला हवं. कॅबिनेट म्हणजे तो उभा पत्र्याचा डबा, ज्यात कॉम्प्युटरचं सगळं काळीज नि आतडी बसवलेली असतात. शालनला शाळेत पोषण आहाराचं काम असायचं. तालुक्याला जायला मोकळा कोण? हणमंत.

"अहो, हे बघा," ती म्हणाली. "आवाज न करणारं कॅबिनेट आणायचं. नीट पारखून घ्या."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

"एवढंच."

"ध्यानात ठेवतो."

हणमंतानं कॉम्प्युटर मोटारसायकलच्या मागं बांधला आणि तालुक्याला आयाजभाईंच्या दुकानात गेला. आयाजभाईंनी कॅबिनेटं मांडली. कुणाला जाळी, कुणाला काच, कुणाला लाल-निळे दिवे. सगळी रिकामी. हणमंत पहिल्याजवळ गेला आणि त्याला कान लावून बसला.

"पाव्हणं, काय करताय?" आयाजभाईंनी विचारलं.

"आवाज करतंय का बघतोय."

"अहो, ते रिकामं आहे. काय आवाज करणार?"

"मग हे चांगलं आहे," हणमंत म्हणाला आणि दुसऱ्याला कान लावला. तेही चांगलं निघालं. तिसरंही. दुकानातलं एकही कॅबिनेट वाईट निघेना. आता निवडायचं कसं? पण हणमंत बाजारात वाढलेला माणूस. माठ घेताना टिचकी मारून घेतात, हे त्याला माहीत होतं. ठणठण वाजला तर माठ पक्का. त्यानं ओळीनं सगळ्या कॅबिनेटांना टिचक्या मारल्या. जाळीचं ठणठण वाजलं. काचेचं टणटण वाजलं. कोपऱ्यात एक जाड पत्र्याचं होतं, आतून फोम लावलेलं, चारी बाजूंनी बंद. ते नुसतं "ढप" म्हणालं.

"हे द्या."

"पाव्हणं, ह्यात वारा जात नाही. तुमचा कॉम्प्युटर आधीच तापट. जाळीचं घ्या, ऐका माझं."

"ते ठणठण वाजतं."

"टिचकी मारल्यावर वाजतं! घरी टिचकी कोण मारणार आहे?"

"बायकोनं पारखून घ्यायला सांगितलंय," हणमंत म्हणाला. विषय संपला. आयाजभाई चांगला माणूस. त्यांनी आतडी त्या डब्यात बसवून दिली आणि म्हणाले, "नाही पटलं तर परत आणा."

घरी आल्यावर शालननं कॉम्प्युटर चालू केला. थोडा वेळ गप्प होता. मग आत जीव गुदमरला आणि पंखे जे किंचाळायला लागले, की शेजारची भामाकाकू डोक्यावर पदर घेऊन आकाशात विमान बघायला बाहेर आली. शालननं डब्याला हात लावला आणि पटकन मागं घेतला.

"अहो, हा तवा झालाय! आत वारा नको का जायला? समोरून गार वारा आत, मागून गरम वारा बाहेर. भरपूर वारा लागला की पंख्याला पळावं लागत नाही, मग तो गप्प बसतो. कळलं? जाळीचं आणा आणि वारा लागू द्या त्याला."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

"एवढंच."

"ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी हणमंत परत तालुक्याला. आयाजभाईंना आनंद झाला. त्यांनी समोर बारीक जाळी असलेलं कॅबिनेट काढलं, पुढं दोन मोठे पंखे बसवले, मागं एक.

"मोठा पंखा हळू फिरला तरी पुरतो," ते म्हणाले. "छोटा पंखा नुसता धावतो आणि बोंबलतो. आणि ही पुढची जाळी धुळीसाठी आहे. हिला काढू नका."

दुकानातच चालू करून दाखवला. काही म्हणजे काही आवाज नाही. हणमंतानं कान लावला. तरी नाही. तो इतका खूश झाला, की त्यानं आयाजभाईंना मिठी मारली.

मग त्यानं कॅबिनेट मोटारसायकलवर बांधलं. आडवं नाही, पाठमोरं नाही. तोंड पुढं करून. समोरून गार वारा आत, मागून गरम बाहेर. मधे मधे थांबून तो बघायचा, वारा लागतोय ना. जाळीमुळं कमी लागतोय असं वाटलं. आयाजभाईंनी काढू नका म्हटलं होतं, पण बायकोनं वारा लागू द्या म्हटलं होतं, आणि घरी बायको होती. त्यानं जाळी काढून खिशात घातली.

पुढं रस्त्याच्या कडेला ज्वारीची मळणी चालू होती. मळणीयंत्र भुसकट उडवत होतं. तिथं वारा असा काही सुटला होता, की हणमंतानं गाडीच थांबवली. कॅबिनेटचं तोंड वाऱ्याकडं केलं आणि स्वतः झाडाखाली बिडी ओढत बसला. चांगला पोटभर वारा पाजला आणि घरी आला.

शालननं झाकण उघडलं. आतून भुसकट खाली पडलं, शेणाच्या पाटीएवढं.

"हे काय?"

"वारा," हणमंत म्हणाला. "त्यातलं काही उरलंय."

 शालननं पिसाचा झाडू घेतला, रंगाचा जुना ब्रश घेतला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत एकेक कण काढत बसली. हणमंताला वाईट वाटलं. खरंच वाटलं. शालनला ते काम मिळावं असं त्याला तिच्याहून जास्त वाटत होतं. पारावर बसून तो सगळ्यांना सांगायचा, "आमची शालन आता पुस्तकात बोलणार आहे."

"अहो," शालन शेवटी म्हणाली, "ह्याला धूळ लागू द्यायची नाही. धूळ उडताना दिसली की गोधडीत गुंडाळायचं. चारी बाजूंनी. कण आत जाता कामा नये."

"हात्तिच्या! आधी सांगायचं की. एवढंच ना?"

"एवढंच."

"ध्यानात ठेवतो."

जाळी परत बसवली. कॉम्प्युटर चालू झाला. आवाज नाही. शालनच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "चालूच राहू दे," ती म्हणाली. "तापतो का बघू. मी पाणी भरून येते."

ती गेली आणि भामाकाकूनं अंगण झाडायला घेतलं. खराट्याचा एक फटकारा, दुसरा फटकारा, खिडकीतून धुळीचा लोट. हणमंत ताडकन उठला. गोधडी काढली आणि चालू कॉम्प्युटरला गुंडाळली. कडा खाली दाबून बसवल्या. बाळाला बांधतात तसं. पण खराटा थांबेना. मग त्यानं दुसरी गोधडी काढली. वरून आपली घोंगडी.

शालन घागर घेऊन आली तर हा दारातच उभा. "ये, ये. आवाज ऐक."

शालननं ऐकलं. "काहीच नाही."

"काहीच नाही!" हणमंत म्हणाला. "आधी थोडीतरी गुणगुण होती. गोधडीनं तीही गेली. आता अगदी चिडीचूप आहे."

चिडीचूप असणारच. कॉम्प्युटर तापून बंद पडला होता. शालननं गोधड्या ओढल्या तेव्हा आतून अशी वाफ आली, की हुरडा भाजता आला असता. तिनं कॉम्प्युटर गार होऊ दिला, देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली. चालू झाला. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

"अहो, गोधडी वाटेत! प्रवासात! चालू असताना मोकळं ठेवायचं असतं. भिंतीलासुद्धा चिकटवायचं नाही. चारी बाजूंनी मोकळं पाहिजे. श्वास घेतो तो."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

ह्या खेपेला शालननं "एवढंच" म्हणायला थोडा वेळ लावला. पण म्हणाली.

शनिवारी ती शाळेत गेली. हणमंत कॉम्प्युटरपुढं उभा राहिला आणि त्यानं खोलीकडं नीट बघितलं. पुढं भिंत. मागं भिंत. उजवीकडं भिंत, डावीकडं भिंत. वर पत्रा.  बिचारा कॉम्प्युटर, जायचं कुठं त्यानं?

शालन परत आली तेव्हा कॉम्प्युटर अंगणाच्या मधोमध होता. लांब वायर लावून चालू. बाजूचा पत्राही काढून ठेवला होता, म्हणजे सगळीकडून मोकळं.

"किती आनंदात आहे बघ," हणमंत म्हणाला.

शालन धावत गेली. आत वाकून बघितलं. कॅबिनेटच्या तळाला, ऊब बघून, त्यांची खुडूक कोंबडी बसली होती. डोळे अर्धे मिटून. शालननं हात घातला तशी ती फुगली आणि तिनं जो कलकलाट केला, तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

"ही कधी बसली?"

"दुपारी."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी विचारलं तिला," हणमंत म्हणाला. "म्हटलं, बाई, इथं काय काम आहे? ती काही बोलली नाही. मला वाटलं, तूच सांगितलं असशील."

शालन ओट्यावर बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. ती रडली. उद्या रविवार, पाचपर्यंत मुदत, आणि कॉम्प्युटरात कोंबडीची पिसं. हणमंत जवळ येऊन उभा राहिला. त्याचेही डोळे भरून आले. "शालन, तू सांग फक्त. तू सांगशील तसंच करतो."

"तेच करता हो तुम्ही," शालन म्हणाली. मग तिनं डोळे पुसले. "ऐका. उद्या मी वाचायला बसले की घरात एकही आवाज नको. आवाज करणारं काही दिसलं, काही ऐकू आलं, की त्याला विचारत बसायचं नाही. धरायचं, घराबाहेर काढायचं आणि कडी लावायची."

"विचारायचं नाही?"

"नाही."

"कुणीही असो?"

"कुणीही असो. आणि पाचच्या आत धडा गेलाच पाहिजे. मला वाचताना भान राहिलं नाही, तर पाच वाजायच्या आधी तुम्ही ही हिरवी कळ दाबा. दाबली की पुण्याला जातो."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

"एवढंच."

"ध्यानात ठेवतो."

रविवार उजाडला. शालननं पिसं वेचली, कॅबिनेट आत आणलं, भिंतीपासून हातभर पुढं ठेवलं, पत्रा लावला, जाळी बसवली. चालू केलं. गार होतं आणि गप्प होतं. आयाजभाई म्हणाले होते तसंच.

हणमंत कामाला लागला. आधी कोंबडी बाहेर. मग भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, तेही बाहेर. शेळी बाहेर. मोरीतला नळ ठिबकत होता. नळ काही बाहेर काढता येईना, म्हणून त्याच्याखालची बादली बाहेर काढली आणि नळाला फडकं बांधलं. फ्रिज गुरगुरत होता. हणमंतानं त्याला मिठी मारून हलवून बघितलं. शालन म्हणाली, "अहो, नुसता बंद करा!" म्हणून फ्रिज वाचला. पाल चुकचुकली. तिला झाडूनं हाकलता हाकलता चार वाजले.

घर शांत झालं. खरोखर शांत. इतकं शांत घर हणमंतानं कधी ऐकलं नव्हतं.

शालन माइकपुढं बसली. धडा मुंग्यांचा होता. तिनं पाणी प्यायलं, रेकॉर्डिंगची लाल कळ दाबली आणि आजोबांना वाचून दाखवायची तशी सुरुवात केली. "मुंगी कधी एकटी राहत नाही."

दाराशी बसलेल्या हणमंतानं कान टवकारले.

काहीतरी वाजत होतं.

त्यानं नळाकडं बघितलं. नळ गप्प. फ्रिजकडं बघितलं. गप्प. कॅबिनेटला कान लावला. ते बिचारं कधीचंच गप्प. मग हणमंतानं मान वळवली. आवाज कुठून येतोय ते त्याला दिसलं.

विचारत बसायचं नाही. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ." शालनचा दंड धरला आणि तिला उठवलं. त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की शालन चटकन टेबलापासून लांब झाली. तिला वाटलं, साप! टेबलाखाली साप निघाला असणार. नाहीतर असं का करेल माणूस? ती पावलं न वाजवता त्याच्याबरोबर अंगणात आली. हणमंत आत वळला आणि त्यानं आतून कडी लावली.

शालन बाहेर हात जोडून उभी. आत नवरा एकटा, सापाबरोबर! ओरडायचीही चोरी, साप बिथरेल. तिनं खुणेनं भामाकाकूला बोलावलं. भामाकाकूनं खुणेनं आपल्या दोन्ही लेकांना बोलावलं. थोड्याच वेळात अर्धी गल्ली काठ्या घेऊन अंगणात उभी होती, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. कोंबडीसुद्धा गप्प होती.

आत हणमंत माइकपुढं मांडी घालून बसला होता. खुर्ची करकरते म्हणून जमिनीवर. शिंक आली, ती त्यानं गिळली. मोबाइलमध्ये पाचला थोडाच वेळ राहिलेला दिसला, तेव्हा उठून त्यानं हिरवी कळ दाबली. मग कडी काढली आणि बाहेर आला. घामानं निथळत होता, पण चेहरा असा, जणू लग्न लावून आलाय.

"मेला का?" शालननं विचारलं.

"कोण?"

"साप!"

"कसला साप?" हणमंत म्हणाला. "धडा पाठवला. वेळेच्या आत गेला बघ."

शालननं तोंड उघडलं, पण तेवढ्यात हणमंताच्या हातातला फोन वाजला. निमकर बाई. सगळ्या गल्लीला कौतुक ऐकू यावं म्हणून हणमंतानं आवाज मोठा केला आणि म्हणाला, "मी हणमंत बोलतोय, शालनचा नवरा."

"हणमंतराव, धडा मिळाला," निमकर बाई म्हणाल्या. "मागची गिरणी पार गेली. पंखा नाही, घरघर नाही, काही नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी आजवर ऐकलेलं नाही."

हणमंतानं सगळ्यांकडं बघितलं. भामाकाकूनं काठी खाली ठेवून कानशिलावर बोटं मोडली आणि त्याची दृष्ट काढली.

"पण सुरुवातीला मुंगीचं एक वाक्य आहे, मग कडी लावल्याचा आवाज येतो आणि पुढं सरकवत शेवटपर्यंत गेले, तरी काहीच नाही. मी सहापर्यंत थांबते, पण आधी मला सांगा, शालनबाई आहेत कुठं?"

"बाहेर काढलं की तिला, बाई," हणमंत अभिमानानं म्हणाला. "अख्ख्या घरात तेवढा एकच आवाज राहिला होता."